‘नाइफ’मधला के म्हणायचा नाही, तर लिहायचा कशाला?

पत्र: माझा मुलगा सहावीत, सेमी-इंग्लिशला आहे. माझं स्वतःचं शिक्षण पूर्ण मराठी माध्यमातून झालं. गेल्या आठवड्यात त्याचं वीस शब्दांचं डिक्टेशन होतं, त्यातले अकरा चुकले. ‘नाइफ’ त्याने एन-पासून सुरू केला, ‘नाइट’ एन-आय-टी-ई असा लिहिला, कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी गाळला. रागावले तर म्हणतो, “म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. “इंग्रजी असंच असतं, पाठ कर,” एवढंच म्हणाले. इंग्रजीचा इतिहास माहीत असला की स्पेलिंग सोपं जातं असं वाचलं आहे. खरं आहे का? असल्यास या वयाच्या मुलाला किती सांगायचं? ता. क. – ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’ बरोबर दिलं, मग ‘मंगूस’चं ‘मंगीस’ चूक का?
– एक आई, कराड

ताई, मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. के लिहितात, कारण पूर्वी तो म्हणत होते. सहाशे वर्षांपूर्वी लंडनमधला माणूस सुरीला ‘क्नीफ’ म्हणायचा. शब्द मूळचा समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंग लोकांचा. स्वीडनमध्ये आजही सुरीला ‘क्नीव’ म्हणतात आणि क स्पष्ट उच्चारतात. जर्मन माणूस गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो. इंग्लंडात सतराव्या शतकात न-च्या आधीचा हा क हळूहळू गळाला, पण तोवर स्पेलिंग छापखान्यात पक्कं झालं होतं. नी, नो, नॉक, नॉट, निट या सगळ्या के-वाल्या शब्दांची हीच गोष्ट.

मुलाला हे पटवायला इंग्लंडला जायची गरज नाही. घरात पणजोबांची पत्रं किंवा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं एखादं मराठी पुस्तक असेल तर उघडून दाखवा. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यानें’, ‘पुस्तकें’ अशी डोक्यावर टिंबंच टिंबं दिसतील. ती एके काळी नाकातून म्हटली जायची. कोकणातल्या काही बोलींत तो नाकातला सूर अजून ऐकू येतो. बाकीकडे उच्चार गेला, टिंब राहिलं, आणि कित्येक पिढ्यांनी ते डिक्टेशनला पाठ केलं. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अशा न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा दिली. इंग्रजीला असं महामंडळ मिळालंच नाही, म्हणून त्यांची टिंबं अजून जागेवर आहेत.

आता ‘नाइट’. इथे तुमच्याकडे इंग्रज आईपेक्षा चांगलं साधन आहे. रात्र या अर्थाचा हा शब्द पूर्वी ‘निख्त’ असा म्हणत. मधला आवाज घशातून घासत येणारा ख़. जर्मनमध्ये आजही ‘नाख्त’. आणि आपल्याकडे? दिवसभर उपास करून रात्री जेवायचं जे व्रत असतं, त्याला ‘नक्त’ म्हणतात. संस्कृतातला नक्त आणि इंग्रजीतला नाइट एकाच मुळाचे आहेत. नक्तमध्ये जिथे क् आहे, तिथेच नाइटमध्ये जीएच आहे. हे एकदा कागदावर शब्दाखाली शब्द लिहून दाखवलं, की पुढच्या वेळी तो जीएच विसरणार नाही. लाइट, राइट, फाइट, साइट, माइट, टाइट हे शब्द त्याच ओळीत बसवा. लॅटिन अक्षरांत हा ख़ कसा लिहावा याचा प्रश्न होता. जुने इंग्रज नुसता एच लिहीत, 1066 नंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी जीएच रूढ केला. पुढे तो आवाज बहुतेक शब्दांतून गेला, आणि काही शब्दांत ओठांवर येऊन फ झाला: लाफ, कफ, रफ, टफ, इनफ. त्यामुळे शब्दाच्या मधल्या किंवा शेवटच्या जीएचची दोनच घरं मांडायची, मुका आणि फ. फ-वाले शाळेपुरते हे पाचच.

हे 1066 वारंवार येईल, म्हणून थोडी सनावळी. ती तुमच्यासाठी आहे, मुलाला पाठ करायला लावू नका. पाचव्या शतकापासून उत्तर जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे अँगल आणि सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये उतरले. घर, पाणी, आई, बाप, खाणं, झोपणं हे शब्द त्यांचे. 793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांचा हल्ला झाला, पुढे ते तिथेच स्थायिक झाले. स्काय, एग, नाइफ, विंडो हे शब्द त्यांनी दिले, इतकंच काय, ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामंसुद्धा. विंडो म्हणजे मुळात ‘वाऱ्याचा डोळा’. 1066 मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन फ्रेंचांनी इंग्लंड जिंकलं आणि सुमारे तीनशे वर्षं दरबार, कचेरी, कायदा फ्रेंच-लॅटिनमध्ये चालला. 1362 मध्ये न्यायालयात इंग्रजीतून युक्तिवाद करावा असा कायदा झाला, आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! नंतर पंडितांनी लॅटिन-ग्रीकमधून पोत्यांनी शब्द आणले. म्हणजे एकाच वहीत चार घरांची माणसं राहतात आणि प्रत्येक घराची लिहायची रीत वेगळी. स्पेलिंग शिकवताना एवढं एकच विचारायचं: हा कुणाच्या घरचा?

हा प्रश्न कसा उपयोगी पडतो ते सीएचवर पाहा. मराठी माध्यमातल्या मुलांची इथे हमखास गल्लत होते. चाइल्ड, चीज, चर्च, चेअर यांत तो च आहे: हे घरचे शब्द, किंवा चेअरसारखे फार जुन्या काळी फ्रेंचमधून आलेले. मशीन, शेफ, पॅराशूट यांत श: हेही फ्रेंच, पण उशिरा आलेले. मधल्या काळात फ्रेंचांनी स्वतःच च-चा श केला होता. स्कूल, केमिस्ट्री, कोरस, स्टमक, एको यांत क: हे ग्रीक. सायन्सच्या पुस्तकातला अवघड दिसणारा सीएच दिसला, की क म्हणून पाहायचं, बहुतेकदा जमतं. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ मुळात एकच फ्रेंच शब्द, एक तेराव्या शतकाच्या सुमारास आला, दुसरा एकोणिसाव्यात. घरी मास्टरशेफ पाहत असाल तर एवढं सांगून मोकळे व्हा.

सी आणि के यांचंही असंच. फ्रेंच रीतीत ई आणि आय यांच्या आधी सी आला की स म्हणायचा: सिटी, सेंट, सर्कल. मग किंग, कीप, किस या घरच्या शब्दांतला क वाचणार कसा? जुन्या इंग्रजीत हे शब्द सी-नेच लिहीत. लेखनिकांनी तिथे के बसवला आणि ए, ओ, यू यांच्या आधी सी राहू दिला: कॅट, काऊ, कप. त्याच वेळी सीएनचं केएन झालं आणि आपल्या ‘नाइफ’लाही के मिळाला. नियम शंभर टक्के नाही, कांगारू आणि कराटे बाहेरचे आहेत, पण पाचवी-सहावीच्या साध्या शब्दांत तो क्वचितच दगा देतो. जीबद्दल मात्र सावध. जेंटल, जायंट, जेम हे फ्रेंच म्हणून ज. गेट, गिव्ह, गिफ्ट, गर्ल हे घरचे म्हणून ग. इथे नुसतं पुढचं अक्षर पाहून चालत नाही, घर माहीत असावं लागतं.

मुलगा या अर्थाचा सन, लव्ह, कम, वंडर, हनी. या सगळ्यांत उच्चार अ-सारखा आणि अक्षर ओ. तुमचा मुलगा इथे यू लिहीत असणार, आणि हजार वर्षांपूर्वीचा इंग्रजही तेच लिहायचा. घोळ लेखणीने केला. मध्ययुगातल्या त्या टोकदार लिपीत आय, एन, एम, यू ही सगळी अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची असत. आय एक दांडी, एन आणि यू दोन-दोन, एम तीन. व्ही वेगळा नव्हताच, यू-च तो. कागदावर तीन, दोन, तीन अशा सलग आठ दांड्या ओढा आणि मुलाला विचारा अक्षरं कोणती. सांगता येणार नाही. वाचणाऱ्याची सोय म्हणून लेखनिकांनी अशा गर्दीत यू-चा ओ केला. लव्ह आणि हॅव्हच्या शेवटचा ई देखील याच कुळातला: शेवटी नुसता यू-सारखा व्ही दिसला तर स्वर समजतील, म्हणून मागे ई. घरचा इंग्रजी शब्द व्हीवर संपत नाही, हा नियम वहीत लाल पेनने लिहून ठेवण्याइतका कामाचा आहे.

स्वरांचा मोठा गोंधळ साधारण 1400 ते 1700 या काळात झाला. दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले आणि जे आधीच वरच्या पायरीवर होते ते फुटून आइ-आउ झाले. ‘हूस’चं हाउस झालं, ‘टीम’चं टाइम, ‘मोन’चं मून. आपल्याकडे मुलं विचारतात की दोन ओ म्हणजे ऊ कसा. तर तो लांब ओ-च होता, म्हणून दोन ओ. आणि ‘नेम’ तेव्हा जवळपास आपल्यासारखाच, ‘नाम’ असा म्हणत. शेवटच्या ई-चाही हलका अ ऐकू यायचा. तो पुढे गळाला, पण आधीचा स्वर लांब आहे याची खूण म्हणून अक्षर उपयोगी पडलं. शाळेत ‘मॅजिक ई’ म्हणतात तो हाच: कॅप–केप, पिन–पाइन, हॉप–होप. या तीन जोड्या मोठ्याने म्हणून घ्या, पुरे.

गडबड अशी झाली की हे सरकणं चालू असतानाच छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू केली. त्याची अडचण त्याने 1490 मधल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवली आहे. थेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, तेव्हा बाईला कळलं की यांना अंडी हवीत. उत्तरेकडे व्हायकिंगांचा एग, दक्षिणेत जुना आयरेन. छापायचं कोणतं? कॅक्स्टन बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात राहिलेला, कामगारही तिकडच्या वळणाचे. ‘घोस्ट’मध्ये जीच्या मागे एच आला तो बहुधा तिथल्या फ्लेमिश भाषेच्या सवयीतून. एकदा छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळले की तेच रूप पुढच्या पुस्तकात जायचं. जिभा सरकत राहिल्या, खिळे जागच्या जागी. 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला तेव्हा वाद बहुतेक मिटलेलाच होता.

राहिला ‘डेट’मधला बी. तुमच्या मुलाने तो गाळला, आणि खरं सांगायचं तर चौदाव्या शतकातल्या कारकुनानेही गाळला असता. फ्रेंचमधून शब्द आला तो बी-शिवाय. पुढे पंडितांना वाटलं, मूळ लॅटिनमध्ये बी आहे तर तो दिसला पाहिजे, म्हणून घुसवला. उच्चार कुणी केला नाही. ‘डाउट’चा बी तसाच. ‘आयलंड’चा एस तर निव्वळ गैरसमजातून आला, दुसऱ्याच एका शब्दाशी नातं आहे असं समजून. ‘रिसीट’मध्ये पी घातला, पण त्याच कुळातल्या ‘डिसीट’मध्ये घालायला विसरले. आपल्याकडे काउंटरवर सर्रास ‘रिसिप्ट’ म्हणतात. उच्चार चूक, पण स्पेलिंगसाठी सोयीचा! ‘डेट’साठी पासबुक काढा आणि डेबिटचा रकाना दाखवा. डेट आणि डेबिट सख्खे, डेबिटमधला बी बोलतो.

हा बोलक्या भावंडाचा उपाय सगळ्यांत हाताशी ठेवा. मुकं अक्षर आलं, की त्याच कुळातला असा शब्द शोधायचा, ज्यात ते अक्षर ऐकू येतं. साइनमधला जी सिग्नलमध्ये बोलतो. मसलमधला सी मस्क्युलरमध्ये, क्रममधला बी क्रंबलमध्ये, सॉफनमधला टी सॉफ्टमध्ये. दोन या अर्थाच्या ‘टू’मधला डब्ल्यू ट्वेल्व्ह, ट्वेंटी आणि ट्विनमध्ये, आणि संस्कृत ‘द्वि’मधल्या व-मध्येही.

आता रोजचं काम. एक दोनशे पानी वही घ्या आणि चार भाग करा: घरचे, फ्रेंच, ग्रीक, पंडितांनी घुसवलेले. व्हायकिंगांचे वेगळे काढू नका, त्यांची वागणूक घरच्यांसारखीच आहे. आठवड्याला एकच कुटुंब, दहा-बारा शब्द. पहिल्या आठवड्यात केएन, दुसऱ्यात जीएच-टी, मग लव्ह-सनवाले. पहिल्या दिवशी प्रत्येक शब्द आधी जुन्या उच्चाराने मोठ्याने म्हणायचा, ‘क्नीफ’, ‘निख्त’, मग आजच्या उच्चाराने, मग पाहून एकदा लिहायचा, झाकून एकदा. दहा-दहा वेळा लिहायला लावू नका. तिसऱ्यांदा हात लिहितो, डोकं नाही. दुसऱ्या दिवशी डिक्टेशन, चुकलेले तेवढेच चौथ्या दिवशी, सगळे पुन्हा सातव्या दिवशी. रोज दहा मिनिटं पुरतात. दोन कुटुंबं एकत्र करून डिक्टेशन तिसऱ्या आठवड्याच्या आधी घेऊ नका, नाहीतर ‘नाइट’चा के आणि ‘नाइट’चा नुसता एन एकमेकांत अडकतील. सरदार-योद्धा तो केवाला, रात्र ती बिनकेची.

बिघडतं कुठे तेही सांगून ठेवते. पहिल्या आठवड्यानंतर मुलं न दिसला की के चिकटवतात, ‘नेट’लासुद्धा. याला घाबरू नका. केएनची यादी शाळेपुरती डझनभराची आहे, ती पूर्ण करून खाली रेघ मारा आणि ‘यादी बंद’ असं लिहा. दुसरं, जुना उच्चार बोलण्यात शिरतो. वेन्सडेचं स्पेलिंग ‘वेड-नेस-डे’ असं म्हणून छान बसतं, पण ते लिहिताना मनात. वर्गात वाचताना ‘वेन्झडे’च. तिसरं, पालक अपवादापासून सुरुवात करतात. टफ, थ्रू, दो, बाऊ असे सगळे एकाच बैठकीत समोर ठेवले तर मूल हात टेकणारच. मोबाइलवर फिरणारा ‘जीएच-ओ-टीआय म्हणजे फिश’ हा विनोदही तसाच. जीएच शब्दाच्या सुरुवातीला कधीच फ होत नाही, आणि टीआयचा श नेशन, पेशंट यांसारख्या लॅटिन शब्दांत मधेच होतो, शेवटी नाही. अक्षर कुठे बसलंय यावरही नियम असतो, हे सांगायला मात्र तो विनोद कामाचा आहे.

मुलगा अडून बसलाच की ‘गो’चं ‘वेंट’ कसं, तर त्याला ‘जातो’चं ‘गेला’ कसं ते विचारा.

व्युत्पत्ती तपासायला खिशातली डिक्शनरी चालत नाही. शब्दार्थाच्या शेवटी चौकटी कंसात मूळ भाषा देणारा मोठा कोश हवा, शाळेच्या किंवा गावातल्या वाचनालयात तो असतो. समाजमाध्यमांवर येणाऱ्या ‘या शब्दाची अद्भुत कहाणी’ प्रकारावर विसंबू नका. कहाणी जितकी रंगतदार, तितकी ती कोशात सापडत नाही.

ता. क. बद्दल. गूसचं गीस, फुटचं फीट, माउसचं माइस ही जुन्या घरच्या शब्दांची रीत आहे. पूर्वी अनेकवचनाच्या शेवटी इ-सारखा आवाज होता, त्याने आधीचा स्वर स्वतःकडे ओढला आणि मग स्वतः गळून पडला. बाहेरून नंतर आलेल्या शब्दांना तो इ कधी लागलाच नाही, त्यांना एस लागतो. मंगूस या इंग्रजी शब्दाचा हंसाच्या गूसशी काही संबंध नाही. तो मराठीतल्या मुंगुसावरून गेलेला आहे. म्हणून मंगूसेस. वहीत त्यासाठी पाचवा भाग करायचा असेल तर करा; नाव ‘आपले’ असं द्या, आणि तिथे पहिला शब्द मुलालाच लिहू द्या.